एका व्यक्तिचित्राचें शुद्धिपत्र

टीकाकाराचा धंदा तसा सुखाचा आहे. दोष दुसऱ्याच्या पुस्तकांतले असतात आणि ते दाखविल्याचें श्रेय मात्र त्याला स्वतःला मिळतें. गेलीं पंचवीस-तीस वर्षें महाविद्यालयांत वाङ्मय शिकवीत असतांना आणि फावल्या वेळांत परीक्षणें लिहीत असतांना हें सुख मींहि यथेच्छ भोगलें. परंतु आज ज्या लेखाचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे तो माझाच आहे. इ.स. २००४ च्या एका दिवाळी अंकांत तो 'चालतें वेळापत्रक' या नांवानें प्रसिद्ध झाला होता. लेख फार मोठ्या योग्यतेचा नव्हता. पण लोकांना तो आवडला, एका संमेलनांत त्याचें वाचनहि झालें, आणि आमच्या नातेवाइकांत तर त्यांतलीं वाक्यें म्हणींसारखीं वापरलीं जाऊं लागलीं. त्या लेखाचा नायक माझा मावसभाऊ. गेल्या वर्षीं, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्याला 'स्वमग्नता' असल्याचें निदान झालें. त्या दिवसापासून माझा लेख मला पूर्वींसारखा वाचतां येईनासा झाला आहे. तो कां, याचा विचार करणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

आमचें आजोळ पळस्प्याचें. पनवेल ओलांडून थोडें पुढें आलें कीं मुंबईहून आलेला रस्ता तेथें दुभंगतो. एक वाट खोपोलीवरून खंडाळ्याच्या घाटाकडे जाते, दुसरी शिरढोण, कर्नाळा, पेण करीत कोंकणांत उतरते. माझा हा भाऊ लहानपणापासून त्या फाट्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या एस. टी. गाड्यांच्या पाट्या, क्रमांक आणि वेळा वहींत टिपून ठेवी. माझ्या लेखाचा आरंभ येथूनच होता. पुढें त्याच्या एकेक लकबी मांडल्या होत्या. पाणी प्यावयाचें तें एकाच पितळी पेल्यानें; लग्नांत वाजंत्री सुरू झाली कीं कानांवर हात ठेवून मांडवाबाहेर निघून जावयाचें; बोलतांना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहतां त्याच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे पाहावयाचें; आणि एकदां आवडीचा विषय निघाला कीं ऐकणाऱ्यानें चार जांभया दिल्या तरी शेवटपर्यंत सांगत राहावयाचें.

लेखाचा कळस म्हणजे माझ्या वडिलांच्या एकसष्टीचा प्रसंग. समारंभाच्या तीन दिवस आधीं आईनें त्याला सांगून ठेविलें होतें, "तूंहि दोन शब्द बोल हो." वेळ आली तेव्हां तो उठला, सतरंजीकडे पाहत "काकांनी शिकवलं" एवढें म्हणाला, आणि खालीं बसला. दोन शब्द सांगितले, दोनच बोलला! सभेंत जो हंशा उसळला त्याचें वर्णन मीं मोठ्या चवीनें केलें होतें.

आतां निदानाची हकीकत. त्याच्या धाकट्या बहिणीचा मुलगा पांच वर्षांचा होऊनहि फारसा बोलेना, म्हणून त्याला तपासणीस नेलें. सोबतीला हा मामा गेला. तज्ज्ञ बाई मुलाच्या आईला एकेक प्रश्न विचारीत होत्या. मोठ्या आवाजानें मूल कासावीस होतें काय? रोजचा क्रम मोडला तर बेचैन होतें काय? खेळण्यांच्या रांगा लावतें काय? आणि प्रत्येक प्रश्नाला कोपऱ्यांतून मामाच "हो" म्हणत होता. शेवटीं बाईंनीं त्याच्याकडे वळून विचारलें, "तुम्ही याच्याबद्दल सांगताहात कीं स्वतःबद्दल?" यानंतर आठ-दहा महिन्यांनीं त्याची स्वतःची तपासणी झाली.

प्रौढ माणसाच्या बाबतींत हें निदान म्हणजे एका परीनें ग्रंथचिकित्साच असते. रक्ताच्या तपासणींत किंवा मेंदूच्या छायाचित्रांत तें सांपडत नाहीं. तज्ज्ञ त्या माणसाशीं दीर्घ संभाषण करतात, त्याचें वागणें न्याहाळतात, आणि ज्यांनीं त्याचें बालपण पाहिलें त्यांची साक्ष काढतात. कारण ही प्रकृति बालपणापासूनची आहे, मागाहून जडलेली नव्हे, याची खात्री करून घ्यावी लागते. ऐंशी ओलांडलेली माझी मावशी साक्ष देऊन आली. शाळेचीं प्रगतिपुस्तकें वाळवीनें केव्हांच फस्त केलीं होतीं. तेव्हां लेखी पुरावा म्हणून माझ्या भावानें काय नेलें, तर माझा तो दिवाळी अंकांतला लेख! बाईंनीं तो दोनदां वाचला. त्या एकदांहि हंसल्या नाहींत. "ज्यानं हे लिहिलं त्यानं फार बारकाईनं पाहिलं आहे," एवढेंच त्या म्हणाल्या. माझ्या लेखनाचें याहून मोठें कौतुक कोणी केलें नसेल, आणि कोणत्याहि कौतुकानें मला इतकें खजीलहि केलें नाहीं.

कारण बारकाईनें पाहिलें होतें हें खरें. पण पाहिलेल्याचा अर्थ लावतांना मीं सर्वत्र चुकलों होतों. मांडवाबाहेर जाण्याला मीं 'आहेर चुकविण्याची युक्ति' म्हटलें होतें. पेल्याच्या आग्रहाला 'विसाव्या शतकांतलें सोंवळें' असें नांव दिलें होतें. गुंड्यांकडे पाहणारी दृष्टि मला 'हिशेबांत घोटाळा केलेल्या कारकुनाची' वाटली होती. घटना त्याची आणि हेतु माझ्या पदरचे, असा तो सारा व्यवहार होता. टीकाशास्त्रांत आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों कीं भाष्यकारानें मूळ संहितेंत नसलेलें तिच्या माथीं मारूं नये. तोच अपराध मीं जिवंत माणसाच्या बाबतींत केला, आणि त्यावर टाळ्या मिळविल्या.

हा दोष केवळ माझ्या एकट्याचा असता तर मासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या परंपरेंत मी वाढलों तिच्याकडेहि या निमित्तानें पाहिलें पाहिजे. तऱ्हेवाईक माणसावर मराठी लेखकाचें फार जुनें प्रेम आहे. गडकऱ्यांच्या 'प्रेमसंन्यासां'तील विसरभोळा गोकुळ घ्या. त्याच्या स्वभावांतून एकच लकब वेगळी काढली आहे आणि ती इतकी फुगविली आहे कीं तिच्यामागें माणूस उरत नाहीं. नाटकाला तें चालतें. पण व्यक्तिचित्र हा प्रकार खऱ्या माणसाची शपथ घेऊन लिहिला जातो, आणि तेथेंहि आमचें कौशल्य बहुधा एवढेंच कीं प्रथम लकबीवर हंसवावयाचें आणि शेवटच्या परिच्छेदांत डोळ्यांच्या कडा ओल्या करावयाच्या. हंसूं आणि आंसूं या दोहोंच्या मध्यें समजून घेण्याची जी जागा असते ती आम्ही रिकामी सोडतों.

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली' या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांतला सखाराम गटणे मराठी घराघरांत पोंचला आहे. छापील पुस्तकासारखें बोलणारा, शब्द तोलून वापरणारा, वाचनाखेरीज दुसरें जग नसलेला हा मुलगा मीं वर्गांत अनेकदां शिकविला. त्याच्या भाषेवर वर्ग हंसतो, मीहि हंसतों. गेल्या वर्षीं तो पाठ घेतांना मात्र एक गोष्ट ध्यानांत आली. गटण्याच्या बोलण्याची आम्हांस मौज वाटते, कारण तो बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा यांतली भिंत ओळखीत नाहीं. पण ती भिंत आम्हीं उभारलेली आहे. तो बिचारा आमच्याच पुस्तकांवर विश्वास ठेवून बोलतो. पु. लं.च्या लेखणींत माया आहे, म्हणून तो मुलगा वाचकाच्या मनांतून हास्यास्पद होऊन बाहेर पडत नाहीं. तरीहि त्याला ताळ्यावर आणून संसाराला लावणें हाच कथेचा सुखान्त ठरतो. आहे तसा राहून त्याला आमच्यांत जागा मिळेल काय, हा प्रश्न लेखकाला पडत नाहीं, आणि इतकीं वर्षें आम्हां वाचकांनाहि पडला नाहीं.

याउलट दोन उदाहरणें मला दिसतात. १९३४ सालीं ज्यांचा पहिला भाग निघाला त्या 'स्मृतिचित्रां'त लक्ष्मीबाई टिळक आपल्या पतीच्या लहरीपणावर पोटभर हंसतात. पण त्या लहरींचे चटके त्यांनीं स्वतः सोसलेले आहेत, आणि त्या स्वतःलाहि हंशांतून वगळीत नाहींत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' या १९४९ च्या पुस्तकांत लेखक माणसाशेजारीं जाऊन उभा राहतो आणि त्याच्या मनांतलें स्वतः भरून काढण्याची घाई करीत नाहीं. हंसण्याला माझी हरकत नाहीं. हंसणारा कोठें उभा राहून हंसतो, एवढेंच पाहावयाचें. मी व्यासपीठावर उभा होतों.

येथें 'स्वमग्नता' या शब्दाचाहि विचार केला पाहिजे. स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यानें 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ऑटिझम' हें नांव बनविलें. १९११ च्या आपल्या ग्रंथांत तें त्यानें दुभंगलेल्या मनाच्या रोग्यांच्या एका अवस्थेसाठीं वापरलें. मुलांच्या बाबतींत या प्रकृतीचें वर्णन रशियांत ग्रुन्या सुखारेवा हिनें १९२५ त, अमेरिकेंत लिओ कॅनर यानें ११ मुलांवरून १९४३ त आणि व्हिएन्नांत हान्स आस्पर्गर यानें १९४४ त केलें. आस्पर्गरनें पाहिलेलीं मुलें बोलकीं होतीं, आणि आपल्या आवडीच्या विषयावर लहानशा प्राध्यापकासारखीं बोलत. पण त्याचा जर्मन निबंध इंग्रजी जगाच्या नजरेस खऱ्या अर्थानें आला तो लॉर्ना विंग या बाईंच्या १९८१ च्या लेखामुळें. त्या वर्षीं माझा भाऊ तिसरींत होता, आणि वर्गांत त्याला 'ठोंब्या' हें नांव पडलें होतें. नांवें देणाऱ्यांचा इतिहास निर्मळ असतोच असें नाहीं. याच आस्पर्गरनें नाझी राजवटींत कांहीं मुलांना, जेथें त्यांचा घात होत असे अशा संस्थेंत धाडल्याचें २०१८ त उजेडांत आलें. त्याच्या नांवानें वेगळा ओळखला जाणारा प्रकार अमेरिकन मनोवैद्यांच्या वर्गीकरणांतून २०१३ सालीं काढून टाकण्यांत आला होताच. आतां या साऱ्या छटा एकाच पटांत मोजल्या जातात.

आपण मराठींत त्या ग्रीक शब्दाचें इमानानें भाषांतर केलें. पण मराठी कानाला 'स्वमग्न' म्हटल्यावर काय ऐकूं येतें? स्वतःतच बुडालेला, म्हणजे दुसऱ्याची पर्वा नसलेला, म्हणजे थोडक्यांत अप्पलपोटा. माझा भाऊ स्वतःत मग्न असलेला मीं कधीं पाहिला नाहीं. स्वतःविषयीं बोल म्हटलें तर त्याचें बोलणें तीन वाक्यांत आटोपतें. तो मग्न असतो तो गाड्यांच्या वेळांत, नकाशांत, कर्नाळ्याच्या रानांतल्या पक्ष्यांच्या आवाजांत. त्याला 'वस्तुमग्न' म्हटलें असतें तर अधिक शोभलें असतें. 'स्वमग्न' हा शब्द, माझ्या लेखाप्रमाणेंच, बाहेरून पाहणाऱ्यानें बनविला आहे. आपल्याकडे समोरचा पाहत नाहीं, तेव्हां तो स्वतःकडेच पाहत असला पाहिजे, असें त्यांत गृहीत आहे. डेमियन मिल्टन हा इंग्रज अभ्यासक स्वतः याच प्रकृतीचा आहे. त्यानें २०१२ त असें मांडलें कीं न समजण्याचा हा दोष एकतर्फी नाहीं. त्यांना आपण जितके कळत नाहीं, तितकेच आपणांसहि ते कळत नाहींत. मला याचा पुरावा शोधण्यास दूर जावें लागलें नाहीं. तो माझ्या नांवानें छापलेला आहे.

आतां एका मोहापासून स्वतःला आणि वाचकांना सावध केलें पाहिजे. हें नवें भिंग हातीं आलें म्हणजे सगळीकडे तेंच दिसूं लागतें. जी. ए. कुलकर्णी धारवाडास एकांतांत राहिले, सभासंमेलनांपासून दूर राहिले, काळ्या चष्म्याआडून जगाकडे पाहत राहिले, आणि 'काजळमाये'च्या प्रकाशनाच्या तारखेचा वाद निघतांच त्यांनीं अकादमीचा पुरस्कार परत केला. एवढ्यावरून एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, जी. एहि तसेच असतील काय?" मीं त्याला स्पष्ट नकार दिला. मेलेल्या माणसाची साक्ष काढतां येत नाहीं आणि त्याची संमतिहि घेतां येत नाहीं. लेखकाच्या एकांताला रोगाचें किंवा प्रकृतीचें नांव देणें म्हणजे पुन्हां तोच खेळ: घटना त्यांची आणि हेतु आमचा. गटण्यालाहि मी निदान चिकटवीत नाहीं. मला तपासावयाचें आहे तें वाचकाचें हंसूं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माझ्याच घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं तो घेतला. "गांवानं त्याला सांभाळलं, 'तो तसाच आहे' म्हणून सोडून दिलं, लग्न झालं, नोकरी झाली. आतां पन्नाशींत हें नांव कशाला?" या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. कॅनरच्या अकरा मुलांतला पहिला, डॉनल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी राज्यांतल्या फॉरेस्ट नांवाच्या लहान गांवांत बँकेंत काम करीत, गोल्फ खेळत आयुष्यभर राहिला आणि २०२३ त वारला. गांवानें त्याला आपला मानला होता. पळस्प्यानेंहि माझ्या भावाला आपला मानला. पण 'तो तसाच आहे' या वाक्यांत क्षमा आहे, समजूत नाहीं. त्याची किंमत कोणी मोजली हें मला त्याच्या पत्नीनें सांगितलें. "माहेरच्या प्रत्येक कार्यांत हे उठून जायचे. वीस वर्षं मी ज्याला रुसवा समजत होते, तो नुसता गोंगाटाचा त्रास होता हो भावजी." वीस वर्षांचा गैरसमज केवळ क्षमेनें मिटला नव्हता, तो एका नांवानें मिटला.

'निदान' या शब्दाचे मराठींत दोन अर्थ आहेत. एक वैद्यांचा, 'माधवनिदान' या ग्रंथाच्या नांवांतला: रोगाचें मूळ. दुसरा रोजच्या बोलण्यांतला: कमींत कमी. माझ्या भावाच्या बाबतींत मला दुसराच अधिक खरा वाटतो. या प्रकृतीला औषध नाहीं, आणि तिला औषध हवें असेंहि त्याला वाटत नाहीं. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यांत जिचें नांव नव्हतें ती स्वमग्नता २०१६ च्या कायद्यानें मानलेल्या २१ प्रकारांत आहे. पळस्प्याहून फार दूर नसलेल्या खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठींच्या राष्ट्रीय संस्थेचें प्रादेशिक केंद्र आहे. भाच्याला या साऱ्याचा उपयोग होईल. मामाला दाखल्याची गरज नाहीं. त्याला निदान, स्वतःविषयींचें एक खरें वाक्य मिळालें.

"तुला वाईट नाहीं वाटलं?" असें मीं त्याला फाट्यावरच्या चहाच्या दुकानांत विचारलें. त्यानें नेहमींप्रमाणें रस्त्याकडे पाहत उत्तर दिलें, "दादा, हा गोव्याचा रस्ता पूर्वीं सतरा नंबरचा होता. २०१० सालीं सगळे नंबर बदलले, तेव्हां तो सहासष्ट झाला. रस्ता तोच आहे. पण नवा नंबर नसेल तर नव्या नकाशांत तो सांपडत नाहीं."

याच बैठकींत त्यानें पिशवींतून तो जुना दिवाळी अंक काढून माझ्यापुढें ठेविला. माझ्या लेखाच्या समासांत त्यानें शिसपेन्सिलीनें बारीक अक्षरांत टिपा केल्या होत्या. त्यांत राग नव्हता, दुरुस्त्या होत्या. महाडच्या गाडीची वेळ मीं दहा मिनिटांनीं चुकविली होती. पेला पितळी नसून कांशाचा होता. 'आहेर चुकविण्याची युक्ति' या शब्दांसमोर लिहिलें होतें: 'आहेर प्रत्येक वेळीं आधींच दिला होता. वहींत नोंद आहे.' आणि 'दोन शब्द' या प्रसंगापाशीं: 'तीन दिवस विचार केला. पुष्कळ शब्द होते. त्यांतले दोन निवडायचे होते.'

माझ्या वडिलांनीं त्याला रोज संध्याकाळीं ओसरीवर बसवून गणित शिकविलें होतें. वर्गांत ठोंब्या ठरलेला मुलगा त्यामुळें परीक्षा उतरला आणि पुढें एका कचेरींत हिशेबनीस झाला. ही गोष्ट सभेंतल्या सर्वांना ठाऊक होती. त्या दिवशीं अकरा जणांनीं भाषणें केलीं; मीहि पाऊण तास बोललों. त्यांतलें एक वाक्यहि आज मला आठवत नाहीं. "काकांनी शिकवलं" हे दोन शब्द मात्र राहिले आहेत, आणि ते मीं हंशासाठीं जपून ठेविले होते.

मराठींत 'बलुतं'सारख्या आत्मकथनांनीं दाखवून दिलें आहे कीं ज्यांच्याविषयीं आजवर दुसरे लिहीत होते ते स्वतः लिहूं लागले म्हणजे भाषेचा कांटाच फिरतो. ऑस्ट्रेलियाच्या डोना विल्यम्स हिला प्रौढ वयांत हेंच निदान झालें. १९९२ त निघालेल्या तिच्या आत्मकथेनें इंग्रजी वाचकांना या प्रकृतीकडे आंतून पाहावयास शिकविलें. माझ्या भावाला मीं लिहिण्याचा आग्रह केला. तो म्हणाला, "किती शब्द?" मीं या वेळीं नीट उत्तर दिलें: हवे तितके. त्यानें वही घेतली आहे. तो लेख पुरा होईल तेव्हां तोच छापला जावा, आणि माझा जुना लेख कोणास सांपडल्यास त्यास हें शुद्धिपत्र जोडून वाचावें, एवढी वाचकांस विनंति आहे.